स्वस्त रुपयाचं मोल कुणी भरलं?

३० जानेवारी १९३० च्या ‘यंग इंडिया’त गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मिठावरचा कर काढा, शेतसारा निम्म्यावर आणा, लष्करावरचा खर्च घटवा, दारूबंदी करा. या ओळखीच्या मागण्यांच्या शेजारी एक मागणी अशी होती, की ती आज वाचताना माणूस थबकतो: रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्सांवरून एक शिलिंग चार पेन्सांवर आणा. थोडक्यात, रुपया स्वस्त करा. दांडीयात्रा निघायला तेव्हा सहा आठवडे उरले होते आणि रुपयाचं मोल उतरवणं ही स्वराज्याच्या लढ्यातली मागणी होती. पुढे छत्तीस वर्षांनी, ६ जून १९६६ ला, स्वतंत्र भारताच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं, तेव्हा तीच कृती देशाच्या मानहानीची खूण ठरली. आणखी पंचवीस वर्षांनी, जुलै १९९१ मध्ये, ती दोन हप्त्यांत, शक्य तितका गाजावाजा टाळून उरकण्यात आली. आज रुपया जवळजवळ रोज थोडा खालीवर होतो आणि त्याची बातमी शेअर बाजाराच्या आकड्यांशेजारी छापून येते.

या साऱ्या काळात अवमूल्यनाच्या बाजूने दिलं गेलेलं कारण फारसं बदललेलं नाही. रुपया स्वस्त झाला की आपला माल परदेशात स्वस्त पडतो, परदेशी माल आपल्याकडे महाग होतो, निर्यात वाढते, आयात घटते आणि व्यापारातली तूट भरून निघते. हे तर्कशास्त्र चुकीचं नाही. पण आपल्या देशात ते जेव्हा जेव्हा वापरलं गेलं, तेव्हा तूट नेमकी कशाने आटली आणि तिचा भार कुणाच्या अंगावर पडला, हे पाहायला हवं. मला वाटतं, अवमूल्यनाच्या इतिहासातला खरा प्रश्न या दोहोंतला दुसरा आहे.

तो प्रश्न सगळ्यात आधी स्वच्छ शब्दांत विचारणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९२३ मध्ये लंडनला त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोन-तीन वर्षांत हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली चलनविषयक शाही आयोग नेमला गेला, आणि आंबेडकरांनी त्याच्यापुढे निवेदन देऊन साक्ष दिली. वाद होता तो दोन पेन्सांचा. एक शिलिंग सहा पेन्स म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. एक शिलिंग चार पेन्स म्हणजे पौंडाला सरळ १५ रुपये. मुंबईच्या गिरणीमालकांना दुसरा दर हवा होता, कारण मग लँकेशायरचं कापड इथे महाग पडलं असतं. आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी त्याच बाजूने भिन्नमतपत्रिका जोडली. आंबेडकरांनी या मागणीच्या मुळालाच हात घातला. त्यांचं म्हणणं असं, की हुंडणावळीचा दर उतरला की देशातल्या किमती वाढतात, मजुरी मात्र त्या वेगाने वाढत नाही. म्हणून व्यापाऱ्याच्या पदरात पडणारा नफा परदेशातून आलेला नसतो; तो देशातल्याच एका वर्गाच्या ताटातून दुसऱ्याच्या ताटात वाढलेला असतो.

हे वाक्य मी माझ्या शब्दांत मांडलं आहे, पण आशय त्यांचाच आहे. अवमूल्यनावर पुढच्या शंभर वर्षांत जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं या एका मुद्द्यापुढे पोकळ वाटतं. आपण आयात, निर्यात, गंगाजळी असं बोलत राहतो, जणू ‘देश’ नावाचा एकच माणूस व्यवहार करतो आहे. आंबेडकरांनी त्या एका माणसाऐवजी मजूर आणि मालक पाहिले.

त्या वेळी जिंकलं सरकार. १९२७ च्या कायद्याने दर अठरा पेन्सांवर, म्हणजे एक शिलिंग सहा पेन्सांवर पक्का झाला. गांधीजींची १९३० ची मागणी त्या निर्णयाविरुद्ध होती, आणि तिच्यामागे जागतिक मंदीत कोसळलेल्या शेतमालाच्या किमतीही होत्या. त्या काळी भारताचा व्यापार तुटीत नव्हताच; आपण बाहेर अधिक विकत होतो. १९३१ मध्ये ब्रिटनने पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, पौंडाला बांधलेला रुपयाही त्याच्यासोबत सोन्याच्या तुलनेत घसरला, सोन्याचा भाव चढला आणि मंदीने गांजलेल्या घरांतले दागिने मोडून ते सोनं मुंबई बंदरातून बाहेर जाऊ लागलं. ते अनेक वर्षं जात राहिलं.

स्वातंत्र्यानंतरचं पहिलं अवमूल्यन आपण ठरवून केलं असं म्हणता येत नाही. १८ सप्टेंबर १९४९ ला ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला. आपला बहुतेक व्यापार पौंडातला, आपली शिल्लक पौंडातली. रुपयाही तेवढाच, म्हणजे साडेतीस टक्के उतरला; डॉलर ३.३१ रुपयांवरून ४.७६ रुपयांवर गेला. पण पाकिस्तानने आपला रुपया उतरवायला नकार दिला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत एकच असलेलं चलन आता असं झालं, की पाकिस्तानच्या शंभर रुपयांना भारताचे १४४ रुपये मोजावे लागणार. आपल्या सरकारने तो दर मानला नाही आणि दोन देशांतला व्यापार ठप्प झाला. तागाची शेतं बहुतांशी पूर्व बंगालमध्ये, तागाच्या गिरण्या जवळपास सगळ्या हुगळीच्या काठी. सिंध-पंजाबचा लांब धाग्याचा कापूस तिकडे, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या इकडे. फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने तो दर मान्य केला तेव्हा कुठे व्यापार सुरू झाला. तोवर कोरियातल्या युद्धाने जगभर कच्च्या मालाच्या किमती भडकल्या होत्या आणि आपल्या निर्यातीलाही त्यात तेजी आली. त्यामुळे त्या अवमूल्यनाने काय साधलं, ते वेगळं काढून दाखवता येत नाही.

१९६६ चं तसं नाही. ते पाहायला थोडं थांबावं लागतं.

त्या वेळच्या देशाची अवस्था आठवावी लागेल. चार वर्षांत दोन युद्धं झाली होती. १९६५ च्या युद्धानंतर अमेरिकेने मदत रोखली होती. १९६४-६५ मध्ये ८.९ कोटी टन असलेलं अन्नधान्याचं उत्पादन पुढच्या वर्षीच्या अवर्षणात ७.२ कोटी टनांवर घसरलं. पीएल-४८० या अमेरिकी मदत योजनेखालचा गहू बोटींनी येत होता आणि त्यावर शहरांतली रेशन दुकानं चालत होती. यंत्रं, सुटे भाग, खत, तेल असं सगळंच बाहेरून आणायचं होतं आणि परकीय चलन नव्हतं. जागतिक बँकेने बर्नार्ड बेल यांच्या नेतृत्वाखाली पाठवलेल्या पथकाने अवमूल्यनाचा सल्ला दिला होता. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा त्याला ठाम विरोध होता. १९६५ च्या अखेरीस ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले, दुसऱ्या आठवड्यात ताश्कंदला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री वारले आणि इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या. नवे अर्थमंत्री होते शचींद्र चौधुरी.

मार्चमध्ये इंदिराजी वॉशिंग्टनला जाऊन आल्या, मग नियोजनमंत्री अशोक मेहता गेले. मदत परत सुरू होईल, त्यासाठी रुपया उतरवावा लागेल, हे स्पष्ट झालं. ५ जून हा रविवार होता. सोमवारपासून डॉलर ४.७६ ऐवजी ७.५० रुपयांना झाला. रुपयाचं मोल साडेछत्तीस टक्क्यांनी उतरलं. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर डॉलर साडेसत्तावन्न टक्क्यांनी महागला. परदेशात शिकणाऱ्या मुलाला घरून पैसे पाठवणाऱ्या बापाला हा दुसरा आकडा कळला. काँग्रेसचे अध्यक्ष कामराज यांना आधी विश्वासात घेतलं नव्हतं आणि ते संतापले. उजवे-डावे विरोधी पक्ष तुटून पडले. अमेरिकेच्या दबावापुढे देश झुकला, अशीच लोकांची भावना झाली.

त्या भावनेत तथ्य होतं, पण त्या कल्लोळात निर्णयाचा तपशील कुणी नीट वाचला नाही. सरकारने रुपया उतरवला त्याच वेळी निर्यातदारांना मिळणाऱ्या आधीच्या सवलती बंद केल्या. त्याहून पुढे जाऊन ताग, चहा अशा आपल्या जुन्या, मोठ्या निर्यात मालावर निर्यात शुल्क बसवलं. आयात शुल्कही अनेक ठिकाणी घटवलं. म्हणजे कागदावर साडेछत्तीस टक्के असलेलं अवमूल्यन निर्यातदाराच्या हातात पडेपर्यंत पुष्कळ लहान झालं होतं, आणि तागवाल्याच्या हातात त्यातलं आणखी कमी पडलं. यामागे एक हिशेब होता: ताग आणि चहा आपण जगाला एवढा विकतो, की स्वस्त केला तर फक्त आपलीच किंमत पडेल. तो हिशेब अगदी चूक नव्हता. पण त्यातून एक गोष्ट ठरून गेली. रुपया उतरल्यावर कच्चा माल पिकवणाऱ्याला जे मिळायला हवं होतं, ते सरकारने मधल्या मध्ये काढून घेतलं.

आता आकडे. १९६५-६६ मध्ये आपली निर्यात ८१० कोटी रुपयांची होती, ती १९६६-६७ मध्ये १,१५७ कोटींवर गेली. वाचणाऱ्याला वाटावं, एका वर्षात त्रेचाळीस टक्के वाढ! डॉलरमध्ये मोजलं तर मात्र ती १६९.३ कोटींवरून १६२.८ कोटींवर उतरली होती. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडी उतरली. व्यापारतूट पहिल्या वर्षी १२५ कोटी डॉलरवरून १२९ कोटींवर, म्हणजे किंचित वाढलीच. कारण उघड होतं. १९६६ चा पाऊसही दगा देऊन गेला, बिहारमध्ये दुष्काळ पडला. ताग नाही, तेलबिया नाहीत, कापूस कमी. मग स्वस्त रुपयात विकायचं काय? निर्यात वाढवायला आधी हातात माल लागतो, ही गोष्ट दिल्लीत रुपयाचा दर ठरवताना कागदावर कुठेच नव्हती असं म्हणवत नाही, पण तिचं वजन कुणी केलं नाही हे नक्की.

तूट आटली ती १९६८-६९ पर्यंत. तोवर आयात २९४ कोटी डॉलरवरून २५१ कोटींवर आली होती. एक तर १९६७-६८ ला पीक चांगलं आलं आणि गहू कमी मागवावा लागला. दुसरं, देशातले कारखाने मंदीत गेले होते. गिऱ्हाईक नाही म्हणून यंत्रांची, लोखंडाची मागणी घटली आणि तेच अभियांत्रिकी कारखाने माल खपवायला बाहेरचे बाजार शोधू लागले. तिसरं, ज्या मदतीच्या आशेवर हे सगळं केलं, त्या मदतीचा ओघ पहिल्या वर्षानंतर रोडावला. दरम्यान १९६६-६७ या एका वर्षात घाऊक किमती सुमारे १४ टक्क्यांनी वाढल्या. त्यात दुष्काळाचा वाटा मोठा, हे खरं. पण रेशनच्या रांगेतल्या बाईला दुष्काळाची महागाई आणि अवमूल्यनाची महागाई वेगवेगळी कशी दिसणार? फेब्रुवारी १९६७ च्या निवडणुकीत लोकसभेत काँग्रेसच्या जागा २८३ वर आल्या आणि अनेक राज्यं हातची गेली.

याचा परिणाम पुढे दोन दशकं टिकला. ‘अवमूल्यन’ हा शब्द उच्चारायचीच दिल्लीत भीती बसली. रुपया आधी पौंडाच्या मागे बांधून ठेवला, सप्टेंबर १९७५ पासून काही निवडक चलनांच्या संचाशी जोडला. त्या संचात कोणती चलनं किती, हे गुप्त ठेवलं. पण त्यातून एक सोय झाली: रोजचा दर ठरवण्याचं काम रिझर्व्ह बँकेकडे आलं. आणि रिझर्व्ह बँकेने, विशेषतः १९८५ नंतर, एकही घोषणा न करता रुपया हळूहळू खाली सोडला. १९८५-८६ मध्ये डॉलर सरासरी सव्वाबारा रुपयांच्या आसपास होता, १९९०-९१ मध्ये जवळपास अठरा रुपये. या पाच वर्षांत आपली निर्यात ८.९ अब्ज डॉलरवरून १८.१ अब्जांवर, म्हणजे दुपटीवर गेली. या काळाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण त्यात नाट्य नाही. माझ्या मते स्वस्त रुपयाने निर्यातीला खरा हात दिला तो याच वर्षांत. निर्यातदाराला पुढच्या वर्षीचा दर साधारण कळत होता आणि तो त्या भरवशावर यंत्र घेऊ शकत होता. पण त्याच वर्षांत आयात १६ अब्जांवरून २४ अब्जांवर गेली, सरकारने बाहेरून महागडी कर्जं उचलली आणि निर्यातीने मिळवलेलं त्यात गेलं.

१९९१ ची कथा अनेकदा सांगितली गेली आहे, म्हणून तिचा प्रसिद्ध भाग थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं. तेलाची किंमत भडकली. आखातातून लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे मुंबईत उतरवले गेले. एअर इंडियाच्या जवळपास पाचशे फेऱ्या झाल्या. कोकणातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी घरांत दर महिन्याला येणारा पैसा एकदम थांबला. अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं गेलं, परत विकत घेण्याच्या अटीवर. २१ जूनला नरसिंह राव पंतप्रधान झाले तेव्हा हाती दोनेक आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन होतं.

सोमवार, १ जुलैला रिझर्व्ह बँकेने रुपया सुमारे नऊ टक्क्यांनी उतरवला: डॉलर २१.१४ वरून २३.०४ रुपये. बाजार काय म्हणतो ते पाहायचं आणि मग दुसरी पायरी उतरायची, असं ठरलं होतं. गव्हर्नर एस. वेंकटरमणन आणि डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्याकडे अंमलबजावणी होती. पहिल्या दिवशीच्या गदारोळाने पंतप्रधान बिचकले आणि दुसरी पायरी थांबवावी असं त्यांना वाटलं. ३ जुलैला सकाळी अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी मुंबईला फोन केला, पण रंगराजन यांनी सांगितलं की काम होऊन गेलं आहे. डॉलर २५.९५ रुपये झाला होता. १९६६ मध्ये मंत्रिमंडळाची बैठक लागली होती; इथे रिझर्व्ह बँकेच्या रोजच्या दरपत्रकाने ते साधलं, याचं श्रेय १९७५ च्या त्या जुन्या व्यवस्थेला द्यायला हवं. त्याच आठवड्यात रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतलं सोनं मुंबईहून विमानाने लंडनला जाऊ लागलं. जुलैत चार खेपांत सुमारे ४७ टन गेलं आणि त्यावर ४० कोटी डॉलर उभे राहिले.

मनमोहन सिंग यांचा ऑक्सफर्डमधला प्रबंध भारताच्या निर्यातीवरचा होता, आणि भारत निर्यात वाढवूच शकत नाही या त्या काळच्या समजुतीला त्यांनी त्यात आव्हान दिलं होतं. १९६६ मध्ये काय झालं हे त्यांना पाठ होतं. याही वेळी निर्यातदारांचं रोख अनुदान बंद झालं, पण त्याच्या जागी वाणिज्यमंत्री पी. चिदंबरम यांनी ‘एक्झिम स्क्रिप’ आणली. निर्यातदाराला कमावलेल्या परकीय चलनाच्या तीस टक्क्यांइतका आयात परवाना मिळे आणि तो त्याला बाजारात विकता येई. त्यावर मिळणारी जास्तीची रक्कम सरकारी तिजोरीतून न जाता आयातदाराच्या खिशातून जात होती. मार्च १९९२ मध्ये दुहेरी दर आला, मार्च १९९३ मध्ये दर एक होऊन बाजाराच्या हाती गेला, तेव्हा डॉलर एकतीस रुपयांच्या वर होता.

इथवरची गोष्ट यशाची म्हणून सांगितली जाते, आणि १९९३ नंतरची ती आहेच. निर्यात १९९३-९४ मध्ये २२ अब्ज, १९९४-९५ मध्ये २६ अब्ज, १९९५-९६ मध्ये ३१.८ अब्ज डॉलर झाली. पण व्यापारतूट कमी झाली ती त्याआधी, १९९१-९२ मध्ये: ५.९ अब्ज डॉलरवरून दीड अब्जावर. त्या वर्षी निर्यात वाढली नव्हती, ती १८.१ वरून १७.९ अब्जांवर उतरली होती. आपल्या निर्यातीचा सहावा हिस्सा जिथे जात होता, तो सोव्हिएत संघच त्या वर्षी मोडला. तूट घटली ती आयात २४.१ वरून १९.४ अब्जांवर दाबली म्हणून. आयातदाराने माल मागवायचा तर किमतीच्या दोनशे टक्क्यांपर्यंत रक्कम आधी बँकेत ठेवावी, असा फास रिझर्व्ह बँकेने एप्रिल १९९१ मध्येच आवळला होता. कच्चा माल मिळेना म्हणून कारखान्यांच्या पाळ्या कमी झाल्या. औद्योगिक वाढ जवळपास शून्यावर आली. ऑगस्ट १९९१ मध्ये घाऊक महागाई सोळा टक्क्यांच्या पुढे होती. खताच्या किमती अर्थसंकल्पात चाळीस टक्क्यांनी वाढवल्या, मग ओरड झाल्यावर काही मागे घेतल्या.

म्हणजे १९६६ प्रमाणेच इथेही तूट आधी आटली ती देशातल्या माणसांनी कमी वापरलं, कमी कमावलं, कमी बनवलं म्हणून. निर्यातीचं फळ दोन-तीन वर्षांनी आलं. १९९१ चं कौतुक करताना ही मधली वर्षं गाळली जातात, याचं मला वाईट वाटतं. ज्यांच्या पाळ्या गेल्या, त्यांचं कुणी नाव घेत नाही.

निर्यातीचं फळही नुसत्या दराने पिकलं नाही. याच १९९१ साली महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागाईतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ उभी केली. स्वस्त रुपयाचा फायदा घ्यायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. तरी सुरुवातीची कित्येक खेपांची द्राक्षं युरोपात नाकारली गेली. तिथल्या दुकानांना मण्याचा ठरावीक आकार हवा होता, औषधांचा अंश नको होता, आणि तोडल्यापासून पोहोचेपर्यंत घडाला उष्णता लागता कामा नये होती. प्री-कूलिंगच्या खोल्या, शीतगृहं, पेट्या, फवारणीच्या नोंदी हे सगळं नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्यांनी काही हंगामांत, तोटा सोसून उभं केलं. मग माल गेला. डॉलर सव्वीसचा झाला म्हणून इंग्लंडमधल्या गिऱ्हाईकाने खराब द्राक्ष खाल्लं नसतं.

आणि तुटीचं ओझं खरं हलकं झालं ते दुसऱ्याच बाजूने. १९९०-९१ मध्ये परदेशातल्या भारतीयांनी घरी पाठवलेले खासगी पैसे सुमारे दोन अब्ज डॉलर होते, १९९४-९५ मध्ये आठ अब्ज. दर बाजारभावाला आला, सोनं कायदेशीर आणता येऊ लागलं, तेव्हा हवालावाल्याकडे जाण्यात काही राहिलं नाही आणि आखातातला पैसा बँकेतून येऊ लागला. रत्नागिरीच्या, मडगावच्या घरी आलेल्या त्या ड्राफ्टांनी जे केलं, त्याची नोंद व्यापाराच्या आकड्यांत होतच नाही. १९९० च्या ऑगस्टमध्ये अम्मानच्या विमानतळावर हातातल्या एका बॅगेनिशी उभी असलेली माणसंच पुन्हा आखातात गेली आणि त्यांनी ही तूट पेलली.

२०१३ चा प्रसंग लहान आहे, पण आधीच्या दोन्हींशी जुळतो. मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी आवरती घेण्याचं सूचित केलं, परकीय गुंतवणूकदार निघाले आणि पंचावन्नच्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८.८० रुपयांवर पोहोचला. या वेळी रुपया कुणी उतरवला नव्हता; रिझर्व्ह बँक तो सावरत होती. आदल्या वर्षी चालू खात्यावरची तूट ८८ अब्ज डॉलर होती, २०१३-१४ मध्ये ३२ अब्जांवर आली. घसरलेल्या रुपयाचा हा प्रताप म्हणून काहींनी टाळ्या वाजवल्या. निर्यात वाढली ती पाच टक्क्यांहून कमी. मोठी घट होती सोन्याच्या आयातीत, कारण सोन्यावरचं आयात शुल्क २०१३ सालात चारवरून दहा टक्क्यांवर नेलं होतं आणि आयात सोन्याचा पाचवा हिस्सा निर्यातीसाठी राखण्याची अट घातली होती. आता तर आपण जे बाहेर विकतो, त्यातलं पुष्कळसं आधी बाहेरूनच येतं. सुरतचे कारागीर पैलू पाडतात ते हिरे परदेशातल्या खाणींतले, जामनगरहून निघणारं डिझेल आयात केलेल्या खनिज तेलाचं. रुपया घसरला की विक्रीची किंमत वाढते तशी खरेदीचीही वाढते, हाती उरतं ते थोडं.

आंबेडकरांचा मजूर-मालक हिशेब आजच्या काळात मांडायचा, तर तो खाद्यतेलात मांडावा. आपण वापरतो त्यातलं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं: पामतेल, सोयाबीनचं तेल, सूर्यफुलाचं तेल. रुपया उतरला की ते महागतं आणि त्याचा चटका मुंबई-पुण्यातल्या पगारावर जगणाऱ्या घराला बसतो. तोटा त्यांचा, मग फायदा कुणाचा? आयात तेल महागलं की देशी सोयाबीनला भाव यायला हवा, म्हणजे फायदा लातूरच्या, वाशीमच्या शेतकऱ्याचा. तो त्याला मिळाला असता तर निदान हा हिशेब दोन्ही बाजूंनी पुरा झाला असता. पण तेल भडकू लागताच २०२१ मध्ये केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क पुन्हा पुन्हा घटवलं आणि सोयापेंड आयात करायलाही परवानगी दिली. २०२२ मध्ये डॉलर ऐंशी रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्य होतं. शहरातल्या घराला दिलासा देणं गरजेचंच होतं, यात शंका नाही. तो दिलासा तिजोरीतून देता आला असता. दिला गेला तो सोयाबीनवाल्याच्या भावातून, जसा १९६६ मध्ये ताग आणि चहा पिकवणाऱ्यांचा वाटा निर्यात शुल्काने उचलून नेला होता.